हुकलेलं कार्ड

बेसबॉलची मॅच मी आयुष्यात पाहिलेली नाही, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे "तुला त्यातलं काय कळतं रे?" असं कोणी विचारायला नको. काही कळत नाही. मी वसईचा माणूस, क्रिकेट खेळून गुडघे फोडून घेतलेला. तरी बेसबॉलची जुनी कार्डं मी कित्येक वर्षं जमवतोय, आणि बहारीनमध्ये ती जमवणारा दुसरा मराठी माणूस सापडला तर मला जरूर कळवा.

जुफेरच्या एका हॉटेलात मी हाउसकीपिंग सुपरवायझर आहे. अमेरिकन नेव्हीचा बेस पलीकडेच, त्यामुळे निम्मी गिऱ्हाइकं तिकडचीच. त्यातलाच एक म्हातारा जाताना बिस्किटांचा डबा खोलीत विसरला. मी फोन केला तर म्हणाला, ठेव तुलाच. डब्यात पत्त्यांएवढी जाड कागदाची कार्डं होती. पुढे खेळाडूचं रंगवलेलं चित्र, मागे त्याचे आकडे. ते चेहरे बघताना माझी झोपच उडाली. कुठल्या गावची ही पोरं, कधीच मेली असतील, आणि इथे वाळूत माझ्या हातात दात काढून हसतायत! तेव्हापासून लागलं वेड ते लागलं. कोणी अमेरिकन कुटुंब देश सोडून निघालं, की त्यांच्या दारातल्या विक्रीला मी हजर.

आणि घासाघीस करण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही. हे मी आईकडून शिकलो. ती पापडीच्या बाजारात मासे घ्यायची तेव्हा मी पिशवी धरून मागे असे. भाव ऐकला की ती तोंड वाकडं करायची आणि सरळ चालू लागायची. मागे बघायचं नाही, पाय रेंगाळू द्यायचे नाहीत. थोडं पुढे गेलं की कोळीण ओरडायचीच, "अगो बाय, ये, घेऊन जा!" जो हाक मारील तो हरला, एवढा साधा हिशेब. मी आयुष्यात कधी कोणाला मागून हाक मारली नाही आणि त्याचा मला अभिमान होता.

त्या अभिमानापायी एल्मर ग्रीव्ह हातचा गेला.

एल्मर ग्रीव्ह हा कॅचर, म्हणजे आपला विकेटकीपर समजा. कार्डावर तो लाल मातीत उकिडवा बसलेला होता, डाव्या हातातला मोठा ग्लोव्ह उघडून थेट माझ्याकडे धरलेला. मागे लाकडी कुंपण. हसत नव्हता. तो नुसता वाट बघत होता. असं कार्ड मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि माझे कानच गरम झाले. विकणारी बाई आपल्या व्हिलाच्या पायरीवर बसली होती. तिनं किंमत सांगितली, मी नेहमीप्रमाणे तोंड वाकडं केलं आणि चालू लागलो. हाक आली नाही. गाडीत बसलो, काच खाली ठेवली. तरी नाही! शेवटी नाक मुठीत धरून परत गेलो, तोवर कार्ड दुसऱ्यानं नेलं होतं.

"तू गेलास की," ती बाई म्हणाली. "मला वाटलं, तुला नको असेल."

त्यानंतर किती चांगली कार्डं मिळाली, पण अल्बममधली पहिल्या पानावरची जागा मी रिकामी ठेवली. ग्लेनिस, माझी बायको, त्या रिकाम्या जागेला माझी दुसरी बायको म्हणायची. "हिच्याकडे बघतोस तसं कधी माझ्याकडे बघ," म्हणायची आणि हसायची.

गेल्या हिवाळ्यात ग्लेनिस हसायची थांबली. ती इथल्या एका हॉस्पिटलात नर्स आहे. तिच्या बरोबरच्या मुली एकेक करून आयर्लंडला निघाल्या, तशी तिनंही परीक्षा दिली आणि पास झाली. कॉर्क नावाच्या गावातून ऑफर आली. आम्हाला मूल नाही, गुदैबियातल्या दोन खोल्यांत आम्ही दोघंच.

"तू पण चल," ती म्हणाली. "नाहीतर मला जाऊ नको म्हण. दोन्हीतलं काहीतरी एक बोल, लॉईड. तू बोललास तर मी सगळं रद्द करेन."

मला ती जायला नको होती. या वयात तिच्यावाचून त्या फ्लॅटमध्ये राहायचं, हे मला सोसणार नव्हतं. पण जीभ उचलेना. "जायचं तर जा," मी म्हणालो. "मी कोण अडवणारा?" आणि मनात धरून चाललो की ही दोन पावलं जाईल आणि वळेल. तिनं तिकीट काढलं तरी मी तेच धरून चाललो.

अशाच एका शुक्रवारी सकाळी घरातला अबोला नको म्हणून मी सलमाबादला गेलो. तिथे गॅरेजांच्या मागच्या गल्लीत खिजर नावाच्या माणसाचं गोडाउन आहे. लोक देश सोडून जाताना जे विकलं जात नाही ते सगळं त्याच्याकडे येतं. सोफे, ट्रेडमिल, पाळणे, ख्रिसमस ट्री. पत्र्याखाली उकडत होतं आणि जुन्या गाद्यांचा वास भरला होता. खिजर दारात फोनवर बोलत होता, त्यानं नुसती मान हलवली.

एका ड्रॉवरमध्ये चमच्यांच्या खाली एल्मर ग्रीव्ह होता.

मी खालीच बसलो. तेच नाव, तेच कुंपण, तीच लाल माती. फक्त बसलेला नव्हता. उभा होता, ग्लोव्ह बगलेत, मान किंचित वळवलेली, उठून निघायच्या बेतात असल्यासारखा. एकाच खेळाडूची दोन चित्रं छापत असत, हे मला माहीत आहे, म्हणून त्यात वावगं वाटलं नाही. खिजरनं फोन छातीशी धरून भाव सांगितला. कमीच होता, खरं तर. पण सवय जाते कुठे! मी कार्ड टेबलावर टाकलं, "मफी", म्हणजे नको, म्हणालो आणि वळलो.

 गेल्या वेळची ती गाडी, ती खाली ठेवलेली काच आठवली. गल्लीच्या तोंडाशी पोचलो आणि मागून हाक आली.

"लॉईड! ये, घेऊन जा रे!"

अस्सा आनंद झाला मला! पळतच परत गेलो. खिजर अजून फोनवरच होता. मी माझ्या भावानं नोटा पुढे केल्या, त्यानं खांदे उडवून घेतल्या आणि मी जिंकल्याच्या तोऱ्यात घरी आलो.

ग्लेनिस टेबलाशी कागद लावत बसली होती. मी कार्ड तिच्यापुढे ठेवलं. इतक्या वर्षांची सवत अखेर घरी आली म्हणून ती काहीतरी टोमणा मारेल, असं मला वाटलं. तिनं ते उचललं आणि बराच वेळ पाहिलं.

"हा तर पाठ करून उभा आहे," ती म्हणाली. "चेहरा कुठाय याचा?"

मी कार्ड ओढून घेतलं. चेहरा नव्हता. पाठीवरचा नंबर दिसत होता, मानेवरचा घामाचा डाग दिसत होता. ड्रॉवरपाशी मी त्याचं नाक पाहिलं होतं, कान पाहिला होता. गोडाउनमध्ये अंधार होता, मी स्वतःला समजावलं, घाईत पाहिलं असेल. अल्बमच्या पहिल्या पानावर कार्ड घातलं आणि कपाट बंद केलं.

दुसऱ्या दिवशी ड्यूटीवरून आल्यावर पाहिलं तर तो कुंपणाच्या जवळ गेला होता.

माझा अशा गोष्टींवर विश्वास नाही. हॉटेलात भुताच्या खोल्यांच्या गोष्टी सांगणाऱ्या पोरांना मीच झापतो. म्हणून मी मोबाइलवर फोटो काढला आणि पुढल्या दिवशी कार्ड त्याच्याशी ताडून पाहिलं. दोन्ही अगदी सारखी होती. हुश्श केलं! मग लक्षात आलं की दोन्हीकडे तो कुंपणाच्या पलीकडे होता, खांद्यापासून वर तेवढा दिसत होता. फोटो मी काढला तेव्हा तो अलीकडे होता. मी मोबाइल पालथा टाकला आणि चहा केला.

ग्लेनिसला सांगावं असं मनात आलं. पण ती बॅग भरत होती. लग्नातल्या कपबशा कागदात गुंडाळून परत काढून ठेवत होती. सोनेरी काठाचे ते कप फक्त पाहुण्यांसाठी, फादर घरी आले किंवा गावचं कोणी आलं तरच निघायचे. "हे इथेच राहू देत," ती म्हणाली. "मी तिथे कोणाला बोलावणार आहे?" तेव्हा बोलायला हवं होतं. मी टीव्हीचा आवाज वाढवला.

तिच्या फ्लाइटच्या आदल्या दिवशी मी पुन्हा सलमाबादला गेलो. कार्ड कुठून आलं ते खिजरला विचारायचं होतं.

"मालूम नहीं, भाई. सामान आता है, जाता है," तो म्हणाला.

"लेकिन उस दिन तुमने मुझे वापस बुलाया..."

"मैंने?" तो हसला. "मैं तो फोन पे था. तुम खुद वापस आया. किसी ने पीछे से तुमको आवाज़ दिया, मैं समझा तुम्हारा कोई साथवाला है अंदर."

"अंदर कौन था?"

"कोई नहीं था," खिजर म्हणाला. हसू मावळलं त्याचं. "नाम लेके बुलाया था. मेरे को तुम्हारा नाम भी नहीं मालूम."

पत्र्याखाली एवढ्या उकाड्यात माझ्या पाठीवर काटा आला. ती हाक मराठीत होती. खिजर मुलतानचा. आणि मी, गाढव कुठला, आनंदाच्या भरात हे एकदाही मनात आणलं नव्हतं.

घरी येऊन कपाट उघडलं. कार्डावर कुंपण होतं, लाल माती होती, खाली एल्मर ग्रीव्ह हे नाव होतं. माणूस नव्हता.

एअरपोर्टला ग्लेनिसची मैत्रीण निदा आपली गाडी घेऊन आली. हैदराबादची आहे, आमच्याच मजल्यावर राहते.  मुहर्रकच्या पुलावर पाणी उन्हात लखलखत होतं. ग्लेनिसनं निळा स्कार्फ बांधला होता, तो मीच कधीतरी आणला होता.

पासपोर्टच्या दाराशी आपण थांबायचं आणि जाणाऱ्यानं पुढे जायचं. ती माझ्यासमोर उभी राहिली.

"काही बोलायचंय?" तिनं विचारलं.

"नीट जा," मी म्हणालो.

तिनं मान हलवली, ट्रॉली वळवली आणि चालू लागली. मी तिच्या पाठीकडे बघत होतो. आता वळेल. आता वळेल. ती वळली नाही. तिचे पाय रेंगाळलेसुद्धा नाहीत. छाती फुटतेय असं वाटलं मला. हाक मार, लॉईड, मार की! तोंड उघडायला गेलो आणि जबडा उघडला नाही.

"ग्लेनिस!"

आवाज माझा होता. माझ्या मागून आला होता.

"ग्लेनिस, ये ना! नको जाऊस गं!"

ती थांबली. वळली. लग्नाच्या दिवशीसुद्धा नव्हता इतका तिचा चेहरा फुलला होता. ट्रॉली तिथेच टाकून ती पळत आली आणि माझ्या गळ्यात पडून रडायला लागली. लोक बघत होते. मी तिला धरलं. मागे वळून पाहायची माझी हिंमत झाली नाही.

निदा शेजारीच उभी होती. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, ओठांकडे. तिचा रंग उडाला होता. परत येताना तिनं एकदाही आरशातून आमच्याकडे पाहिलं नाही आणि त्यानंतर ती आमच्या दारात आली नाही.

पण ग्लेनिस घरी होती! तिनं ऑफर नाकारली, हॉस्पिटलातला राजीनामा मागे घेतला, स्वयंपाकघरात पुन्हा गाणी म्हणायला लागली. "काय बोललास रे त्या दिवशी," एकदा जेवताना ती म्हणाली. "मी तर विरघळलेच."

"काय बोललो?"

"कानात म्हणालास ना. सांगशील ती किंमत देईन, घासाघीस करणार नाही, पण तू माझी." ती लाजली. "तू आणि घासाघीस करणार नाहीस!"

मी हसलो.  मी तिच्या कानात काहीही म्हणालो नव्हतो. पण ती माझ्यासमोर बसून मासा खात होती आणि मला तेवढंच हवं होतं.

मग ती आतल्या खोलीकडे तोंड करून "आले, आले" म्हणायला लागली. मी सोफ्यावर असायचो आणि ती आत कोणाशी तरी बोलायची, हळू, लाडात. विचारलं तर म्हणायची, "तूच तर बोलावलंस." एका संध्याकाळी मी कामावरून आलो तर दार उघडून ती माझ्याकडे बघत राहिली, आठवत असल्यासारखी. मग "अरे हो," म्हणून बाजूला झाली. बेडरूमच्या उंबऱ्याशी लालसर माती पडलेली असायची. इथली धूळ पिवळट पांढरी असते. मी पुसून काढायचो, पुन्हा यायची.

कार्ड मी रोज बघत होतो. ते रिकामंच होतं.

काल मी ठरवलं की आता बस्स. खरं काय ते तिला सांगायचं, मग ती आयर्लंडला जावो नाहीतर चंद्रावर. सुट्टी होती. दुपारचं ऊन पडद्यातून येत होतं, खाली कोणीतरी गाडीचा हॉर्न वाजवत होतं. तिनं चहा आणला आणि माझ्यासमोर ठेवला.

सोनेरी काठाच्या कपात.

"साखर किती घालू?" तिनं विचारलं.

"माझी साखर तुला माहीत नाही होय?" मी हसायचा प्रयत्न केला. ती चमचा धरून थांबली होती, चेहऱ्यावर पाहुण्यांसमोर असतं ते हसू होतं.

"ग्लेनिस, ऐक. एअरपोर्टवर तुला हाक मारली ती मी नव्हे."

"तुम्ही पण होतात का एअरपोर्टवर?" ती म्हणाली. "गर्दीत लक्षातच आलं नाही हो."

माझ्या हातातला कप बशीवर वाजला.

"ग्लेनिस!" आतून हाक आली. माझ्या आवाजात, मजेत, घरच्या माणसानं मारावी तशी.

ती उठली. ओढणी सारखी केली. आतल्या खोलीकडे चालू लागली आणि मी तिच्या पाठीकडे बघत राहिलो, त्या दिवशी बघितलं तसाच. या वेळी मात्र जबडा उघडला. जन्मात मारली नव्हती अशी हाक मी मारली.

"ग्लेनिस! थांब! जाऊ नकोस!"

ती उंबऱ्यावर थांबली. वळली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"तुम्ही चहा घ्या ना," ती म्हणाली, "गार होईल. मी आलेच हं. लॉईड बोलावतोय."